शुश्रूषा आणि अधिकार

चरकसंहितेच्या सूत्रस्थानांत चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत: वैद्य, औषध, उपस्थाता आणि रोगी. उपस्थाता म्हणजे रोग्याजवळ राहून त्याची शुश्रूषा करणारा. आजच्या भाषेंत परिचारिका. त्याच्या अंगीं असावयाचे जे चार गुण ग्रंथकारानें मोजले आहेत, त्यांत रोग्याविषयीं प्रेम आहे, शुचित्व आहे, दक्षताही आहे. परंतु पहिलें स्थान त्यानें उपचारांच्या ज्ञानास दिलें आहे. आमच्या समाजानें मात्र हा क्रम केव्हांच उलटा केला. परिचारिका म्हटली कीं तिची माया, तिचा सोशिकपणा, तिचे हळुवार हात यांची स्तुति आम्ही करतों. तिला काय कळतें हें विचारण्याची गरज आम्हांस वाटत नाहीं. जिची स्तुति करावयाची तिला अधिकार द्यावयाचा नाहीं, ही आमची जुनी रीत आहे, आणि घरोघरच्या स्त्रियांस तिचा अनुभव चांगलाच आहे.

जी शुश्रूषा करते तिला उपचाराचा निर्णय करण्याचा अधिकार असावा काय, हा प्रश्न आज नव्यानें उभा राहिला आहे. अमेरिकेंत १९६५ सालीं कोलोरॅडो विद्यापीठांत लोरेटा फोर्ड ही परिचारिका व हेन्री सिल्व्हर हे बालरोगतज्ज्ञ या दोघांनीं मिळून परिचारिकांस रोगनिदानाचें व उपचारांचें अधिक शिक्षण देण्यास आरंभ केला. त्यांतूनच 'नर्स प्रॅक्टिशनर' हा वर्ग निर्माण झाला. आमच्या देशांत प्रसूतिसेवेसाठीं असा वर्ग तयार करण्याचीं मार्गदर्शक तत्त्वें केंद्र सरकारनें २०१८ सालीं प्रसिद्ध केलीं. त्याच वर्षापासून 'आयुष्मान भारत' योजनेखालीं गांवोगांवच्या उपकेंद्रांवर समुदाय आरोग्य अधिकारी नेमले जाऊं लागले. परिचर्येचे पदवीधर आणि आयुर्वेदाचे पदवीधर अशा दोघांसही सहा महिन्यांचें प्रशिक्षण देऊन हें काम सोंपविण्यांत येतें. पुढें २०१९ सालच्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कायद्यानें, ३२ व्या कलमांत, अशा सेवकांस मर्यादित परवाना देण्याची तरतूद केली. आणि तिच्याविरुद्ध देशभरच्या डॉक्टरांनीं त्याच वर्षीं संप पुकारला.

डॉक्टरांचा आक्षेप केवळ धंद्याच्या मत्सरांतून निघालेला आहे असें म्हणून तो उडवून लावणें न्यायाचें होणार नाहीं. त्यांचें म्हणणें दोन प्रकारचें आहे. पहिलें असें कीं, अज्ञानी मनुष्य भीतीनें थांबतो, पण अर्धवट ज्ञान असलेला पुढें जातो. म्हणून अज्ञानापेक्षां अर्धवट ज्ञान अधिक घातक. दुसरें म्हणणें याहून गंभीर आहे. शहरांतल्या श्रीमंतास पूर्ण शिकलेला वैद्य मिळावा आणि खेड्यांतल्या गरिबास सहा महिने शिकलेला, ही कोठली समता? सरकारनें डॉक्टर नेमण्याची आपली जबाबदारी परिचारिकेच्या पदरांत टाकून मोकळें व्हावें काय? या प्रश्नास उत्तर दिल्यावांचून पुढें जातां येत नाहीं.

परंतु उत्तर शोधण्यापूर्वीं वस्तुस्थिति पाहिली पाहिजे. आमच्या गडहिंग्लजचेंच उदाहरण घेऊं. येथें उपजिल्हा रुग्णालय आहे. शेजारच्या आजरा व चंदगड तालुक्यांतूनही रोगी येथें येतात. येथून कोल्हापूर साठ-सत्तर किलोमीटर दूर. शहरांत राहणाऱ्या आम्हां मंडळींस डॉक्टरांचें दार दहा मिनिटांवर आहे. पण पश्चिमेकडील डोंगराळ भागांतल्या एखाद्या वाडीवर, आषाढांतल्या रात्रीं, बाळंतीण स्त्रीस रक्तस्राव सुरू झाला, तर तिच्यापुढें 'डॉक्टर कीं परिचारिका' असा पर्यायच नसतो. परिचारिका किंवा कोणीच नाहीं, एवढाच तेथें पर्याय असतो. गाडी येईपर्यंतच्या त्या तासांत काय करावयाचें हें परिचारिकेलाच ठरवावें लागतें, मग कायदा कांहींही म्हणो. मोठ्या रुग्णालयांतही रात्रीं दोन वाजतां रोग्याच्या श्वासांत पडलेला फरक प्रथम तिच्याच लक्षांत येतो. आतां डॉक्टरांस उठवावयाचें कीं थोडें थांबावयाचें, हाही निर्णयच आहे.

म्हणजे परिचारिकेनें निर्णय करावा कीं नाहीं हा वाद मुळांत फोल आहे. ती तो करीतच आहे. खरा प्रश्न एवढाच कीं, तो तिनें शिकून, उघडपणें आणि कायद्याच्या आधारानें करावा, कीं चोरून, भीत भीत आणि दुसऱ्याच्या नांवानें करावा. आज पुष्कळ ठिकाणीं असें दिसतें कीं, निर्णय योग्य ठरला तर यश डॉक्टरांचें, आणि चुकला तर 'तुला कोणी सांगितलें होतें?' हा प्रश्न परिचारिकेला. जबाबदारी एकीवर आणि अधिकार दुसऱ्याकडे, अशी वांटणी ज्या व्यवस्थेंत असते तीस आम्ही अनीतीची व्यवस्था म्हणतों, मग तिच्यांत वावरणारीं माणसें कितीही सज्जन असोत.

अर्धवट ज्ञानाच्या आक्षेपास आपल्या महाराष्ट्रानेंच प्रयोगानें उत्तर दिलेलें आहे. गडचिरोली जिल्ह्यांत डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेनें खेड्यांतल्या थोड्या शिकलेल्या स्त्रियांस नवजात अर्भकांची काळजी घेण्यास शिकविलें. जंतुसंसर्ग झालेल्या बाळास प्रतिजैविकाचें इंजेक्शन देण्यासही शिकविलें. त्या गांवांतील नवजात बालकांचे मृत्यु, तुलनेसाठीं निवडलेल्या गांवांच्या मानानें, सुमारें ६२ टक्क्यांनीं घटले, असा निष्कर्ष १९९९ सालीं 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध झाला. केंद्र सरकारनेंही २००५ सालीं प्रसूतीच्या आणीबाणींत ठरावीक औषधें स्वतः देण्याची मुभा सहायक परिचारिकांस दिली. या दोन्ही उदाहरणांतलें मर्म नीट पाहावें. तेथें ज्ञान थोडें होतें, पण अर्धवट नव्हतें. कोणतीं लक्षणें दिसलीं म्हणजे काय करावयाचें, किती मात्रा द्यावयाची, आणि कोठें थांबून रोग्यास पुढें पाठवावयाचें, हें सर्व आंखून दिलेलें होतें. ज्यास आपली सीमा ठाऊक आहे त्याचें ज्ञान थोडें असलें तरी पुरें असतें. ज्यास ती ठाऊक नाहीं त्याचें ज्ञान पदव्यांनीं मढविलेलें असलें तरी अर्धवटच.

शिवाय ज्ञान केवळ ग्रंथांतूनच येतें असेंही नाहीं. मुंबईच्या केईएम रुग्णालयांतील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर १९७३ सालीं अत्याचार झाला आणि त्यांची चेतना कायमची हरपली. त्यांचें जीवन थांबवावें कीं नाहीं, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढें आला, तेव्हां २०११ सालच्या निकालांत न्यायालयानें मानलें कीं, त्यांच्या वतीनें बोलण्याचा अधिकार बाहेरच्या हितचिंतकास नसून, सदतीस वर्षें त्यांची शुश्रूषा करणाऱ्या रुग्णालयाच्या सेवकवर्गास आहे. दीर्घ सहवासानें येणारी जाण हाही अधिकाराचा एक आधार आहे, हें न्यायासनानेंच मान्य केलें, असें आम्ही समजतों.

आतां समतेचा आक्षेप. त्यांत तथ्य आहे, आणि तें मान्य करूनच मार्ग काढला पाहिजे. परिचारिकेस अधिकार देणें हें डॉक्टरांची जागा रिकामी ठेवण्याचें निमित्त होतां कामा नये. म्हणून आमच्या मतें तीन अटी आवश्यक आहेत. पहिली, अधिकाराची सीमा लेखी असावी, आणि त्या सीमेच्या आंत केलेल्या प्रामाणिक निर्णयाबद्दल परिचारिकेस कायद्याचें संरक्षण असावें. दुसरी, तिनें पुढें पाठविलेल्या रोग्यास पाहणें हें डॉक्टरांवर बंधनकारक असावें. तिचा निरोप ही विनंति नसून वैद्यकीय मत आहे, असें मानलें जावें. तिसरी, वाढलेल्या कामाबरोबर तिचें शिक्षण, वेतन आणि हुद्दा हींही वाढावीं. स्वस्त डॉक्टर म्हणून तिला राबविलें जाऊं नये. १९४७ सालच्या परिचर्या परिषदेच्या कायद्याच्या जागीं यावयाचा नवा कायदा संसदेनें २०२३ सालीं संमत केला आहे. त्याचें मोल या तीन कसोट्यांवरच ठरावें.

आणि एक कसोटी आम्हां सुशिक्षित कुटुंबांसाठींही आहे. आपल्या घरचें माणूस आजारी पडलें कीं आम्ही मोठ्या डॉक्टरांचें नांव विचारतों. रात्रभर उशाशीं बसलेल्या परिचारिकेचें नांवही आम्हांस ठाऊक नसतें. तिनें कांहीं सांगितलें तर 'डॉक्टर काय म्हणाले?' असें विचारून आम्ही तिचें बोलणें तोडतों. मुलीनें परिचर्येचें शिक्षण घेतों म्हटलें तर कपाळास आंठ्या घालतों. कायदा अधिकार देऊं शकेल, पण जेथें समाजच तिच्या शब्दास मान देत नाहीं तेथें तो अधिकार कागदावरच राहील.

शुश्रूषा या संस्कृत शब्दाचा मूळ अर्थ 'ऐकण्याची इच्छा' असा आहे. गुरूचें वचन ऐकण्यास उत्सुक असणारा शिष्य गुरूची सेवा करीत असे, म्हणून त्यास सेवेचा अर्थ चिकटला. परिचारिकेनें आजवर डॉक्टरांचें ऐकलें, रोग्याचें ऐकलें, रोग्याच्या नातलगांचेंही निमूटपणें ऐकून घेतलें. आतां थोडी शुश्रूषा इतरांनींही करावी. चरकानें वैद्यास चार पादांत प्रमुख मानलें हें खरें. आणि जो प्रमुख आहे त्यानें इतर तिघांचें ऐकण्याची उत्सुकता प्रथम दाखवावी, यांत त्याच्या प्रमुखपणास उणेपणा येतो असें आम्हांस वाटत नाहीं.