देणें आणि विचारणें

कर देतांना होणारा त्रास नाहींसा झाला, म्हणजे करासंबंधींचा प्रश्नही नाहींसा होतो काय? पथकराच्या वसुलींत अलीकडे जो पालट झाला, त्यानें हा प्रश्न आम्हां पुणेकरांच्या अगदीं दाराशीं आणून ठेविला आहे.

मुठेवरचा लकडी पूल ओलांडतांना आपल्यापुढें कोणी हात पसरीत नाहीं; परंतु द्रुतगती मार्गानें मुंबईस निघालें कीं पथकराचा नाका आडवा येतो. जो वाट वापरतो त्यानें तिचा खर्च सोसावा, हें तत्त्व जुनेंच आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत नदी उतरणाऱ्यांकडून उतराई घेण्याची व्यवस्था सांगितली आहे. मात्र बालक, वृद्ध, रोगी व गर्भिणी यांना ती माफ आहे. घेणाऱ्यानें समोरचें माणूस ओळखावें, अशी ही दृष्टि. मुंबईंत माहीमच्या खाडीवरील रस्ता 1845 सालीं खुला झाला, तो लेडी अवाबाई जमशेटजी जिजीभाई यांच्या 1,57,000 रुपयांच्या देणगीमुळें. आणि ये-जा करणारांकडून कर घेऊं नये, ही त्या देणगीची अट होती. त्याच वांद्र्याहून वरळीस जाणाऱ्या, 2009 सालीं खुल्या झालेल्या सागरी सेतूवर पथकर बसला. यांत आम्ही दोष मानीत नाहीं. एवढालीं कामें दात्यांच्या औदार्यावर चालावयाचीं नाहींत.

फेब्रुवारी 2021 पासून राष्ट्रीय महामार्गांवर, व 1 एप्रिल 2025 पासून राज्याच्या नाक्यांवरही, फास्टॅग सक्तीचा झाला. वाहनाच्या कांचेवरील पट्टी यंत्र दुरूनच वाचतें, आणि खात्यांतून रक्कम वजा होते. रांगा ओसरल्या, सुट्या पैशांची हुज्जत मिटली, आणि प्रत्येक वाहनाची नोंद राहूं लागल्यानें वसुलींतील लबाडीसही आळा बसला. हे लाभ नाकारणें हा निव्वळ हट्ट होय.

परंतु या सोयीबरोबर दोन गोष्टी नकळत गेल्या. पहिली, घेणाऱ्याची दृष्टि. यंत्र वाहन ओळखतें, माणूस ओळखत नाहीं. नोव्हेंबर 2025 मध्यें राष्ट्रीय महामार्गांवर असा नियम झाला कीं, वैध फास्टॅग नसणाऱ्यानें यूपीआयनें दिल्यास सव्वापट, आणि रोकड दिल्यास दुप्पट कर द्यावा. येथें दंड होतो तो कर चुकविणाऱ्यास नव्हे, तर हातांत पैसे घेऊन उभ्या असलेल्यास! दुसरी गोष्ट म्हणजे देणाऱ्याची जाणीव. खिशांत हात घालतांना मनुष्य क्षणभर तरी विचारी, ‘हें कशासाठीं? आणखी किती वर्षें?’ कोल्हापुरांत शहरांतील रस्त्यांवर पथकर बसला, तेव्हां नागरिकांनीं दीर्घकाळ चळवळ केली व डिसेंबर 2015 मध्यें शासनास तो रद्द करावा लागला. तो पैसा कोणाच्या ध्यानींमनीं नसतां खात्यांतून गेला असता, तर हा प्रश्न इतका घरोघर पोंचला असता काय, याची आम्हांस शंका वाटते.

मग काय पुन्हां रोकडीकडे वळावें? मुळींच नाहीं. त्रास हा सद्गुण नव्हे, आणि रांगेंत ताटकळल्यानें कोणी सुजाण नागरिक होत नाहीं. पूर्वीं प्रश्न विचारण्याची आठवण नाका करून देई. आतां ती आठवण आपली आपणच ठेविली पाहिजे, एवढेंच आमचें म्हणणें. महिनाअखेर किराण्याचा हिशेब तपासणाऱ्या कुटुंबानें पथकराचाही तपासावा. सेतूला किती खर्च आला, किती वसूल झाला व वसुली कधीं थांबावयाची, हें विचारावें. आणि ज्याच्या हातीं रोकडच आहे त्याच्यावर दुप्पट भार कां, हेंही विचारावें. मुकाट्यानें देत राहणें हें रयतेचें लक्षण; देऊन हिशेब मागणें हें नागरिकाचें. यंत्र आपल्या वतीनें देऊं शकेल. आपल्या वतीनें विचारणें मात्र त्यास कधींच साधावयाचें नाहीं.