तुम्हा दोघांनाही

गेल्या वर्षी २३ डिसेंबरच्या रात्री साडेदहाला मी मावशीला नाताळचं पत्र पाठवलं. शेवटची ओळ होती, 'तुम्हा दोघांनाही नाताळच्या मनापासून शुभेच्छा.' काका त्याच वर्षी जूनमध्ये गेले होते. त्यांच्या पेटीला मी खांदा दिला होता. दफनभूमीतल्या चिखलात माझी चप्पल रुतली, ती मावशीच्या नातवाने उपसून दिली होती. म्हणजे ठाऊक नव्हतं असं म्हणायचीही सोय नाही.

मग झालं काय? त्यासाठी आधी माझी पद्धत सांगावी लागेल, आणि ती सांगताना मला जरा अवघडल्यासारखं होतं.

वसईतल्या अनेक ख्रिस्ती घरांसारखं आमचंही घर जगभर पांगलेलं आहे. थोरला भाऊ कॅनडात, बहीण मेलबर्नला, चुलत-मावस भावंडं आखातात आणि कुठे कुठे. पूर्वी त्यांना निळ्या एरोग्रामवर लिहायचो. जागा मोजकी, अक्षर मुंगीएवढं, राहिलेलं वाक्य घडीच्या कडेने आडवं. मग झेरॉक्स आली. खोटं वाटेल, पण चार वर्षं मी एकाच पत्राच्या झेरॉक्स काढून वर हाताने नाव घालत होतो. पुढे ईमेल, आता व्हॉट्सॲप. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात एक मजकूर तयार होतो आणि तो ४८ जणांना जातो. मजकूर दोन तऱ्हेचा, जोडप्यांसाठी एक आणि एकट्यादुकट्यांसाठी एक. मावशीचं नाव जोडप्यांच्या यादीतून काढायचं राहिलं होतं. एवढंच झालं.

एवढंच?

मी स्वतःसाठी वकीलही शोधून ठेवला होता. पहिलं छापील नाताळ कार्ड १८४३ साली लंडनच्या हेन्री कोल यांनी काढलं, चित्र जॉन हॉर्सली यांचं. तीनच वर्षांपूर्वी इंग्लंडात एका पेनीत पत्र जाऊ लागलं होतं, आणि त्या टपालसुधारणेत कोल यांचाही हात होता. आता त्याच टपालाने आलेल्या पत्रांना उत्तरं द्यायला त्यांना सवड होईना. म्हणून हजारभर कार्डं छापली. वर कोणाला आणि खाली कोणाकडून एवढ्याच जागा कोऱ्या. म्हणजे नाताळच्या टपालात घाई पहिल्यापासूनच आहे, मी काही नवा पापी नाही. हे मी बायकोला ऐकवलं. ती कलकल तळत होती. मान वर न करता म्हणाली, "त्यांनी निदान गेलेल्या माणसाला कार्ड पाठवलं नसेल."

मावशीचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. तीन सेकंदांचा व्हॉइस मेसेज. "आम्हा दोघांकडूनही, बाबू, तुम्हा सगळ्यांना."

हे मी किती वेळा ऐकलं असेल? तिने मला सांभाळून घेतलं होतं, की चिमटा काढला होता? की तिच्या लेखी काका अजून घरातच होते आणि मी चुकून बरोबर लिहिलं होतं? फोन करून माफी मागायची होती. मागितली नाही. आज करू, उद्या करू म्हणता म्हणता गोठ्यातले मेंढपाळ आणि उंट पुन्हा खोक्यात गेले.

पण नजरचुकीची कबुली सोपी असते. चुकीत माणूस थोडा गोंडसही दिसतो. खरी अडचण त्या पत्राच्या बाकीच्या मजकुरात होती.

मी ३४ वर्षं बँकेत काढली. ३१ मार्चला ठेवींचा आकडा कसा फुगवतात ते मला माहीत आहे. ओळखीच्या व्यापाऱ्याला गळ घालायची, साहेब चार दिवस पैसे ठेवा, पाच एप्रिलला न्या. ताळेबंदात खोटं काहीच नसतं. पैसे त्या दिवशी खात्यात असतातच. आम्ही त्याला विंडो ड्रेसिंग म्हणायचो आणि हसायचो. माझं नाताळचं पत्र म्हणजे दुसरं काय होतं? लेकीची बढती होती, वेलंकणीची यात्रा होती, परसातल्या केळीला आलेला घड होता, फोटोसकट. ऑगस्टमध्ये मुलाची नोकरी गेली, तो सामान घेऊन घरी आला आणि माडीवरच्या खोलीचं दार दिवसभर बंद असतं, हे नव्हतं. वाडी विकण्यावरून थोरल्या भावाशी दोन वर्षं बोलणं बंद आहे, हेही नव्हतं. गंमत म्हणजे पत्र त्यालाही जात होतं.

आणि खरं सांगायचं, तर ४८ जणांचं पत्र मी एकासाठीच लिहीत होतो. प्रत्येक ओळ लिहिताना तो ती मिसिसागातल्या आपल्या स्वयंपाकघरात उभ्याने वाचतो आहे, असं मला दिसायचं. घड वाचून त्याला वाडी आठवावी, लेकीची बढती वाचून त्याच्या मुलाचं अडलेलं शिक्षण. यातला एक शब्द मी कधी उच्चारला नाही. नाताळआधी पापनिवेदनाच्या रांगेत उभा राहिलो, तेव्हा बोटं मोजत होतो. खोटं बोललो? पत्रात तरी नाही. कोणाचं वाईट केलं? नाही. पण मिस्सेच्या आरंभी आम्ही जी कबुली म्हणतो, तिच्यात करायचं राहून गेलेलंही धरलेलं आहे. तिथे मी नेहमी थोडा भरभर म्हणतो.

दुसऱ्यांची पत्रं मी कशी वाचतो? हे लिहू की नको, असं दोन दिवस चाललं होतं. मी ती ऑडिटरसारखी वाचतो. एका चुलतबहिणीच्या पत्रात दर वर्षी लेक आणि जावई अशी जोडीने नावं असायची. एका वर्षी जावयाचं नाव नव्हतं. मी बायकोला आतून हाक मारून बोलावलं, "हे बघ, यंदा जावई गायब!" माझ्या आवाजात काय होतं? काळजी असती तर मी तिला फोन लावला असता. नव्हता लावला. मी ते पत्र पुन्हा एकदा वरून वाचलं, आणखी काही सापडतंय का म्हणून.

यंदा २ नोव्हेंबरला, मृतांच्या दिवशी, दफनभूमीत मावशी भेटली. काकांच्या कबरीवर झेंडू पसरून ती बाजूच्या कठड्यावर बसली होती, पायातली चप्पल काढून. मी शेजारी बसलो आणि एकदाचं म्हणालो, "मावशी, गेल्या नाताळला ते पत्र..."

"पोराचं कसं आहे आता?" तिने विचारलं.

मला वाटलं, कुणीतरी सांगितलं असेल. कोणी सांगितलं, ते विचारलं. थोडं तडकूनच.

"कोण सांगणार? तूच. दर वर्षी पत्रात पहिलं नाव त्याचं. गेल्या वर्षी कुठेच नाही. नातीकडून तीनदा वाचून घेतलं. मग म्हटलं, काहीतरी झालंय. रोज एक रोझरी त्याच्या नावाने चालू आहे."

वगळलेलं नाव मी चुलतबहिणीच्या पत्रात बघितलं होतं, तिने माझ्या. ती पत्र तीनदा वाचून रोझरीकडे गेली आणि मी दोनदा वाचून जेवायला बसलो. 'दोघांनाही'चा विषय तिने काढला नाही, आणि मीही पुन्हा काढला नाही. त्या उत्तराचा अर्थ मला अजून लागलेला नाही.

परवा १७ तारखेला सकाळच्या मिस्सेला मत्तयकृत शुभवर्तमानातली वंशावळ वाचली. या दिवशी तीच असते. अमक्याला तमका झाला, तीनदा चौदा पिढ्या, आणि मी दर वर्षी या वेळी घड्याळ बघतो. यंदा कान देऊन ऐकलं. ख्रिस्ताच्या घरची बातमी सांगायला बसलेला हा माणूस काय काय ठेवतो! सासऱ्यापासून मुलं झालेली तामार, वेश्या राहाब, परक्या देशातली रूथ. दाविदाच्या बायकोचं तर तो नावही घेत नाही, उरियाची बायको म्हणतो, म्हणजे राजाने काय केलं होतं ते ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे यावं. मी असतो तर ही चारही नावं आधी उडवली असती. फार तर दाविदाचं राज्य ठेवलं असतं. फोटोसकट.

म्हणून आता घरातली सगळी लक्तरं ४८ जणांना पाठवायची का? तेही मला पटत नाही. मुलाचं दुःख मुलाचं आहे. ते जाहीर करून मी प्रामाणिक ठरावं, हाही एक डामडौलच. त्याला विचारलं, तुझ्याबद्दल काय लिहू? बराच वेळ गप्प राहून म्हणाला, "घरी आहे, असं लिहा."

आज १९ तारीख. पाच दिवसांत तीन पत्रं झाली, तिन्ही हाताने लिहिलेली. एक बहिणीला. एक त्या चुलतबहिणीला, त्यात फक्त लेक कशी आहे एवढं विचारलं आहे, चार वर्षं उशिरा. भावाच्या पत्रात वाडीबद्दल दोन ओळी आहेत. त्या तीनदा खोडल्या, चौथ्यांदा तशाच ठेवल्या. मावशीला लिहिलं नाही. ती निर्मळला राहते, माझ्या घरापासून स्कूटरने पंचवीस मिनिटांवर, आणि मी इतकी वर्षं तिला मोबाइलवर पत्र पाठवत होतो. रविवारी दुपारी जाणार आहे. मुलगा बरोबर येईल की नाही, ते अजून नक्की नाही.

यादीत ४४ नावं उरली आहेत. त्यांना यंदा पत्र जाणार नाही.