प्रतिकृतीतलं नकोसं नाव

मूळ वस्तूवर जे लिहिलं होतं ते आज वाईट ठरलं असेल, तर तिच्या नकलेवर ते लिहावं का? भाषांतर करणाऱ्याला हा प्रश्न रोजचा. माझ्यापुढे तो या वेळी पुस्तकातून आला नाही, एका खेळण्यातल्या गाडीमुळे आला.

गाडी सुबारू इम्प्रेझा. चारही चाकांना इंजिनाची ताकद देणारी गाडी रॅली जिंकू शकते, हे ऑडी क्वाट्रोने १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला दाखवून दिलं. इम्प्रेझा त्याच वाटेवरची पुढची पिढी. १९९५ साली कॉलिन मॅकरे हिच्यातूनच जगज्जेता झाला. निळं अंग, सोनेरी चाकं आणि बाजूला मोठ्या पिवळ्या अंकांत ५५५. हा स्पर्धेतला क्रमांक नव्हे. स्टेट एक्स्प्रेस ५५५ हे ब्रिटिश अमेरिकन टोबॅकोच्या सिगारेटचं नाव आहे.

माझा भाचा कोलकात्यातल्या आमच्या घरी या गाडीचं १:२४ मापाचं किट जुळवत होता. सव्वाचार मीटरहून थोडी मोठी गाडी साधारण अठरा सेंटिमीटरांत येते. पाण्यात भिजवून अंगावर सरकवायच्या डिकालांच्या कागदावर सगळं होतं, फक्त ५५५ नव्हतं. तंबाखूच्या पैशावर धावलेल्या गाड्यांच्या किटमध्ये असं अनेकदा होतं. हौशी मंडळी ते नाव वेगळं विकत घेऊन लावतात. भाच्याने विचारलं, "मावशी, मागवू का?" त्याची आई म्हणाली, "घरात सिगारेटची जाहिरात नको." दोघांचंही मला पटत होतं.

मूळाशी इमान राखायचं म्हणून नाव हवंच, असं म्हणणं सोपं आहे. पण मूळ तरी कुठे एक असतं? तंबाखूच्या जाहिरातीला बंदी असलेल्या देशांत शर्यतीच्या गाड्यांवरची अशी नावं झाकली जात. म्हणजे नाव नसलेली गाडीही कुठल्यातरी दिवशी खरीच होती. पाठभेद ग्रंथांनाच असतात असं नाही. त्यामुळे केवळ इमानाच्या आधारावर हा वाद मिटत नाही.

मग मी दुसरा प्रश्न विचारून पाहिला: नाव पुसल्याने फायदा कोणाचा?

बंगालमधलंच उदाहरण घ्या. 'चांडाल' हे सरकारी कागदांतलं नाव आपल्याला नको, अशी मागणी त्या समाजानेच लावून धरली आणि १९११च्या जनगणनेत त्याची नोंद 'नमशूद्र' म्हणून झाली. तिथे पुसणं न्यायाचं होतं, कारण घाव सोसणाऱ्यांनीच ते मागितलं होतं. पुढे मनोरंजन ब्यापारी यांनी आत्मकथनाच्या शीर्षकातच 'चांडाल' हा शब्द ठेवला. तो मराठीत आणताना सौम्य करण्याचा अधिकार मला नाही. ज्याला तो शब्द फेकून मारला गेला, त्यानेच तो हातात घेतला आहे. दोन्ही निर्णय उलटे, पण दोन्हीकडे निर्णय करणारा एकच: ज्याला लागलं तो.

सिगारेटच्या बाबतीत मात्र पुसणारा हात बऱ्याचदा विकणाऱ्याचा असतो. चौरंगीवरच्या व्हर्जिनिया हाउसवरून मी नेहमी जाते. तिथल्या कंपनीचं १९१० सालचं नाव इंपीरियल टोबॅको कंपनी ऑफ इंडिया. १९७० साली ती इंडिया टोबॅको कंपनी झाली, १९७४ साली आय.टी.सी., आणि २००१ साली त्यातली टिंबंही गेली. आता नावात तंबाखू शोधून सापडत नाही. सिगारेट विकणं मात्र चालू आहे. याच शहरात, ईडन गार्डन्सवर, १३ मार्च १९९६ रोजी भारत-श्रीलंका उपांत्य सामना प्रेक्षकांच्या गोंधळामुळे अर्धवट राहिला. त्या स्पर्धेचं नाव 'विल्स वर्ल्ड कप' होतं. ते गाळून तिचा इतिहास लिहिला, तर खेळ कोणाच्या पैशावर चालत होता हे पुढच्या पिढीला कळणार नाही.

जाहिरात चालू असताना ती झाकली तर विकणाऱ्याचं नुकसान होतं. काळ लोटल्यावर झाकली तर त्याची सुटका होते.

बहिणीचा आक्षेप तरीही उरतो. पुस्तकात मला प्रस्तावना आणि टीप देता येते. शेल्फवरच्या गाडीला टीप नसते. मुलाला देखणी गाडी दिसते आणि तिच्यावर ते नाव. पण नाव काढलं तरी निळा-पिवळा रंग राहतोच, आणि तोही त्या सिगारेटच्याच रंगसंगतीतून आलेला आहे. अक्षरं गेली की जाहिरात जात नाही. ती फक्त ओळखू येईनाशी होते. ओळखू न येणाऱ्या जाहिरातीशी वाद कसा घालणार?

म्हणून माझं मत असं: नाव लावावं, आणि गाडी ज्या पाटीवर बसवायची तिच्यावर वर्ष, चालक आणि पैसे कोणाचे हेही लिहावं. गाडीसोबत तिची टीपही जुळवावी. हे जमणार नसेल, किंवा ती गाडी एखाद्या लहान मुलाला नुसती भेट द्यायची असेल, तर बहिणीचं ऐकावं. टिपेशिवाय तसला शब्द मी पुस्तकातही छापायला दिला नसता.