वाट कुणाला द्यायची?

माझे वडील लातूरच्या गंजगोलाईत आडतीवर मुनीम होते. पाठीवर पोतं घेतलेला हमाल समोरून आला की वडील बाजूला होत, मग सोबत साक्षात शेठजी का असेनात. "ओझ्याला थांबवू नये," एवढंच म्हणत. १९१७ साली फैयाजुद्दीन यांनी आखलेल्या या गोल बाजारात सोळा रस्ते येऊन मिळतात आणि मधोमध जगदंबेचं देऊळ आहे. सोळा वाटांची माणसं तिथं एकमेकांना ओलांडून जायची, म्हणजे सारखं कुणी ना कुणी थांबणं आलंच.

पुढे शाळेत संस्कृत शिकवताना वडिलांचा हा नियम मला चक्क मनुस्मृतीत भेटला. वाट कुणाला द्यावी याची दुसऱ्या अध्यायात यादीच आहे: गाडीत बसलेला, नव्वदी ओलांडलेला, आजारी, ओझेवाला, बाई, स्नातक, राजा आणि नवरदेव. पहिला नंबर चाकवाल्याचा, हे वाचून वर्गातली पोरं हसायची. बाबासाहेबांनी २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला जाळलेला हा ग्रंथ. त्यातली यादी वाचताना तिच्यात कोण नाही, हेही नजरेआड करता येत नाही. १९२४ चा वायकोमचा सत्याग्रह देवळात शिरण्यासाठी नव्हता, देवळाभोवतीच्या रस्त्यांवरून चालता यावं म्हणून होता. तेव्हा रस्ता हा धर्माचा प्रश्न नाही, तो नगरपालिकेचा आहे, असं मला कुणी सांगू नये.

निवृत्तीनंतर आम्ही नांदेडला आलो. मुलानं सिडकोच्या पुढं फ्लॅट घेतला, कारण भाव परवडला. आम्ही गोदावरीच्या या अंगाला. मोंढा, वजिराबाद, स्टेशन, गुरुद्वारा, मोठे दवाखाने त्या अंगाला. आमच्या मागं आणखी इमारती उठल्या, त्यांच्या मागं आणखी. सगळ्यांना सकाळी जायचंय पलीकडं आणि संध्याकाळी यायचंय अलीकडं. मधे पूल.

मागच्या आषाढात यांच्या छातीत दुखायला लागलं. ऑटो केला. पुलावर चाळीस मिनिटं अडकलो. ऑटोवाल्यानं शेवटी इंजिन बंद केलं आणि माझ्याकडं न बघता म्हणाला, "मावशी, पुढं जागाच नाही." शेजारी एक टेम्पो उभा होता. त्यात फ्रिज, सोफा आणि उलटी ठेवलेली तुळशीची कुंडी. कुणीतरी आमच्याच बाजूला नव्या घरी राहायला येत होतं. त्या कुंडीचा मला इतका राग आला की आजही लाज वाटते. (यांना स्टेंट बसला. आता ठीक आहेत, आणि पुन्हा गोड खातात.)

त्या रात्री दवाखान्याच्या बाकावर बसून मी पापी शोधत होते. टेम्पोवाला? त्यानं फक्त घर बदललं. ऑटोवाला? नाही. हॉर्न वाजवणारा? त्यालाही कुठंतरी पोचायचं होतं. आपण कर्माचा हिशेब शिकलो तो एकट्याचा: ज्यानं केलं त्यानं भोगावं. वाल्या कोळ्यानं घरी जाऊन विचारलं, माझ्या पापात वाटा घ्याल का, आणि सगळे नाही म्हणाले. तिथं निदान वाल्या तरी होता. आमच्याकडं रांजण खड्यांनी भरलाय, वाल्याचा पत्ता नाही, आणि नाही म्हणणाऱ्या घरच्यांत मीही आहे. आमचाही फ्लॅट, आमचीही गाडी.

पण पाप वाटलं म्हणून विरघळत नाही, आणि वाटे समान नसतात. २०२० च्या एकत्रित विकास नियमावलीनुसार भूखंडासमोरचा रस्ता रुंद असेल तसं वाढीव बांधकाम मिळतं. आवारात गाड्या किती मावतील, तेही पाहतात. मी म्हणते, समोरचा रस्ता मोजलात, तो जिथं जाऊन आवळतो तो पूल कोण मोजणार? घर घेणाऱ्याला ते मोजता येत नाही. परवानगी देणाऱ्याला येतं, विकणाऱ्याला तर नक्कीच येतं. ज्याच्या हाती माप होतं आणि ज्यानं मोजलं नाही, त्याचा वाटा मोठा.

२००८ मध्ये गुरू-ता-गद्दीच्या त्रिशताब्दीसाठी नांदेडचे रस्ते रुंद झाले, गुरुद्वाऱ्याभोवतीचा परिसर मोकळा झाला. पण आता त्या रुंद रस्त्यांवरही गाड्या उभ्या दिसतात. रुंदी हे उत्तर असतं तर प्रश्न तेव्हाच मिटला असता. दसऱ्याला मात्र हल्लाबोलची मिरवणूक निघते, निशाणसाहिब येतं, गुरूंचे घोडे येतात, आणि तेच नांदेड दोन्ही अंगांना सरकून उभं राहतं. तेव्हा आम्हाला सरकता येतं, हे नक्की. घोड्यासाठी सरकतो. ऑटोतल्या आजाऱ्यासाठी सरकायचं म्हटलं तर मागं कुणीतरी आधीच चिकटून उभा असतो.

दिवाळीनंतर सोसायटीच्या बैठकीत मी ठराव मांडला: पलीकडच्या शाळांत जाणाऱ्या पोरांसाठी सोसायटीनं एक बस ठरवावी, घरटी गाडी काढू नये. बाजूनं तीन हात वर झाले. त्यातले दोन आमच्याच घरचे होते.