मोटर वाचते, विहिरीचे काय?

वावरातल्या खांबावर पत्र्याची पेटी असते. आत स्टार्टर आणि त्याच्या शेजारी मुठीएवढा डबा. त्या डब्यात मोबाइलचे सिमकार्ड. घरी खाटेवर बसून त्या नंबरला फोन लावला की तिकडे विहिरीवर मोटर सुरू होते. एखादा फेज गेला असेल तर डबा मोटर चालू होऊच देत नाही, तसे कळवतोही. मध्य प्रदेशातल्या पांढुर्णा-सौंसरकडच्या संत्रावाल्यांना या वस्तूने लळा लावला आहे, आणि तो लळा मला अगदी रास्त वाटतो. शेतीची लाइन बरेचदा मध्यरात्री येते. थंडीत बॅटरी घेऊन बांधावरून जायचे, पायाखाली साप, समोर रानडुकरांचा कळप, हात ओले आणि पेटीत करंट. माणूस घरी परतेपर्यंत बाईच्या डोळ्याला डोळा लागत नाही. हे सगळे त्या डब्याने टाळले. नव्या यंत्रांना सरसकट नावे ठेवणाऱ्यांनी एकदा रात्री ओलिताला जाऊन यावे.

त्या डब्यात आणखी एक सोय असते. विहिरीतले पाणी संपले, पंप कोरडा फिरू लागला, की तो मोटर आपोआप बंद करतो. मोटर जळत नाही, वाइंडिंगचा खर्च वाचतो. माझे मन या सोयीपाशी अडकते. मोटर वाचवायचे यंत्राला शिकवले आहे. विहीर आटते आहे हे त्याला आटून झाल्यावरच कळते.

पूर्वी मोटर लावायला गेलेला माणूस आधी विहिरीत डोकावायचा. काल पाणी कुठवर होते आणि आज किती पायऱ्या उघड्या पडल्या, हे त्याच्या नजरेत असायचे. शेजारच्या विहिरीचेही कळायचे, कारण शेजारी बांधावर भेटायचा. संत्र्याच्या आंबिया बहाराला डिसेंबर-जानेवारीत पाणी तोडून ताण दिला, मग पाणी सोडले, फूल धरले, तरी ते फळ एप्रिल-मेच्या उन्हातून पार करायचे असते. पाणी कमी पडले की फळगळ. आता नेमक्या त्याच दिवसांत घराघरांतून मोटरला फोन लागतात. पांढुर्ण्याकडच्या काळ्या दगडात पाणी भेगांतून आणि मुरमाच्या थरातून फिरते. एकाने बोअर खोल नेला की दुसऱ्याच्या विहिरीचे झरे तुटू शकतात. सीमेपलीकडे महाराष्ट्रात वरुड-मोर्शीच्या संत्रापट्ट्यात भूजलाचा उपसा इतका झाला की तो भाग ‘डार्क झोन’ म्हणून ओळखला जाऊ लागला. झाडे तीच, बहार तेच, आणि मोटराही त्याच.

पुढे मुळाशी ओलावा मोजणारे सेन्सर येतील, मोबाइलवर झाडाची तहान दिसेल, ठिबकचा व्हॉल्व्ह आपला आपण उघडेल. यायलाच हवे, पाण्याची नासाडी त्याने नक्की थांबेल. पण हे प्रत्येक यंत्र एका सातबाऱ्याच्या धन्यासाठी बनते. वाचलेल्या पाण्यावर तो धनी आणखी दोनशे झाडे लावणार असेल, तर शेजाऱ्याच्या वाट्याला काय आले? बाजारात नवे यंत्र पाहताना आपण किंमत विचारतो, गॅरंटी विचारतो. हा प्रश्न कोणी विचारत नाही.

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने तो विचारला. पोपटराव पवार 1989 मध्ये तिथे सरपंच झाले, पुढे गावाने शेतीसाठी बोअर घ्यायला बंदी केली. पावसाचे मोजमाप गावातच होते, दरवर्षी पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडला जातो आणि पाणी किती आहे ते पाहून पिके ठरतात. पर्जन्यमापक ही काही भारी वस्तू नव्हे. तिने मोजलेला आकडा सगळ्या गावाचा झाला, हे मोठे.

पांढुर्णा-सौंसरकडेही हे जमण्यासारखे आहे. ज्या फोनवरून मोटर सुरू होते, त्याच फोनवर गावातल्या चार-पाच विहिरींची पातळी रोज सगळ्यांना दिसेल असे करणे आज अवघड नाही. पातळी मोजणारी यंत्रे मिळतात, सिमकार्ड तर प्रत्येक पेटीत आहेच. आंबियाचा ताण तोडण्याआधी ग्रामसभेने ते आकडे समोर ठेवून बसावे आणि या उन्हाळ्यात कोणी किती तास मोटर चालवायची ते ठरवावे. ज्याचा बोअर सगळ्यांत खोल, त्याने त्या बैठकीला आधी यावे.