गुण कीं क्रम?

न्यायासनावर बसलेल्या मनुष्यानें एका खटल्याचा निकाल देतांना शेजारच्या खटल्याकडे पाहूं नये, हा साधा नियम सर्वांस मान्य आहे. एखाद्या न्यायाधीशानें सकाळींच असें ठरविलें कीं, आज समोर येणाऱ्या दहा आरोपींपैकीं तिघांस सोडावयाचें, पांचांस सौम्य शिक्षा द्यावयाची व दोघांस कडक. आणि पुराव्यावरून कोण कोणत्या गटांत बसतो एवढेंच मग पाहिलें, तर त्यास न्यायाधीश म्हणण्यास आपली जीभ धजेल काय? परंतु हा न्याय जेथें शिकविला जातो, त्या अमेरिकेंतील पुष्कळशा कायदेविद्यालयांत विद्यार्थ्यांच्या श्रेणी जवळजवळ याच रीतीनें ठरतात. ही विसंगति केवळ मौजेची आहे, कीं तिच्या मुळाशीं कांहीं नैतिक दोष आहे, याचा विचार करावा असें आम्हांस वाटतें.

प्रथम ती रीत समजून घेतली पाहिजे. पहिल्या वर्षीं करार, अपकृत्यें, मालमत्ता, फौजदारी कायदा असे विषय असतात, आणि पुष्कळदां एका विषयाचें सारें भवितव्य सत्राच्या अखेरीस होणाऱ्या तीन-चार तासांच्या एकाच परीक्षेवर अवलंबून असतें. प्रश्न म्हणजे एक लांबलचक कल्पित हकीकत: कोणाची गाडी कोणाच्या कुंपणावर आदळली, कोणीं कोणास काय वचन दिलें, पुढें तें कसें मोडलें. या गुंत्यांतून कायद्याचे मुद्दे हुडकून दोन्ही पक्षांची बाजू मांडावयाची. उत्तरपत्रिकेवर बहुधा नांव नसतें, क्रमांक असतो. परीक्षक मुद्द्यागणिक गुण देतो, बेरीज करतो आणि पत्रिका उतरत्या क्रमानें लावतो. येथवर कोणाची तक्रार असण्याचें कारण नाहीं. यापुढें मात्र विद्यालयाचा नियम आड येतो: वरची श्रेणी इतक्यांनाच, किंवा वर्गाची सरासरी अमुकच. यासच तिकडे ‘कर्व्ह’ म्हणतात. शिकागो विद्यापीठाच्या कायदेविद्यालयांत मोजपट्टी १५५ पासून १८६ पर्यंत आहे, आणि वर्गाचा मध्य १७७ वर ठेवलेला असतो. वर्ग असामान्य बुद्धीचा असो वा बेताचा, मधला विद्यार्थी तेथेंच बसावयाचा! मध्याजवळ पत्रिकांची दाटी असल्यामुळें मूळ बेरजेंतील एखाद्या गुणानेंही श्रेणी पालटूं शकते. आणि मोठ्या वकिली पेढ्यांचीं दारें या पहिल्या वर्षाच्या श्रेणी पाहूनच बऱ्याच अंशीं उघडतात वा मिटतात.

या पद्धतीची बाजूही ऐकली पाहिजे; नाहीं तर आम्हीही एकतर्फी निकाल दिल्यासारखें होईल. १८७० साली लँग्डेल हे हार्वर्डच्या कायदेविद्यालयाचे प्रमुख झाले, त्यापूर्वीं ठराविक काळ हजेरी लावली कीं तेथें पदवी मिळे. लेखी परीक्षा ही त्यांच्या कारकिर्दींतील सुधारणा होती. वशिल्याच्या व हजेरीच्या जागीं तिनें विद्येला बसविलें. कर्व्हचा हेतुही न्यायाचाच आहे. एकच विषय दोन अध्यापक शिकवितात. एक हात राखून गुण देतो, दुसरा मुक्तहस्तानें. अशा वेळीं कठोर अध्यापकाच्या वांट्यास आलेल्या विद्यार्थ्यानें केवळ दैवामुळें मागें कां पडावें? प्रश्नपत्रिका फार अवघड निघाली तर त्याचा भुर्दंड त्यानें कां सोसावा? कर्व्ह ही दैवाची खोड पुष्कळशी पुसून टाकतो. विद्यार्थ्याविद्यार्थ्यांत तो समता राखतो, हें आम्ही मोकळ्या मनानें कबूल करतों.

तथापि दोघांत समता राखणें निराळें आणि एकाविषयीं खरें बोलणें निराळें. आपल्या भाषेंतील ‘तारतम्य’ हा शब्द ‘तर’ आणि ‘तम’ या दोन प्रत्ययांपासून झाला आहे. लघु, लघुतर, लघुतम. ‘लघुतर’ म्हणावयास दुसरी वस्तु शेजारीं लागते. ‘लघु’ म्हणावयास तिची तितकी गरज नाहीं. कर्व्हला ‘तर’ आणि ‘तम’ कळतात. मूळ शब्द त्यास कळत नाहीं. हा विद्यार्थी त्याच्याहून सरस, एवढें तो सांगतो. याला कायदा आला कीं नाहीं, हें सांगत नाहीं. आणि ज्याचें घर वा मुलगा कोर्टाच्या निकालावर अवलंबून आहे, त्या पक्षकारास नेमकें हेंच जाणावयाचें असतें. म्हणूनच वकिलीची सनद देतांना अमेरिकेंतील राज्यें सामान्यतः वेगळी परीक्षा घेतात, आणि तेथें उत्तीर्णतेची रेषा आधीं आंखलेली असते. शेजारी किती लिहितो याच्याशीं तिला कर्तव्य नसतें.

यापेक्षां मोठी हानि मनाची होते. शेजाऱ्यास आपलें टिपण वाचावयास देणें हें एरव्हीं साधें सौजन्य. येथें तें स्वतःचें नुकसान ठरूं शकतें. मित्र परीक्षेच्या आदल्या रात्रीं आजारी पडला तर मनाच्या कोपऱ्यांत जें किंचित् समाधान चमकून जातें, त्याची लाज ज्याची त्यास वाटते. पण तें समाधान नियमानेंच पेरलेलें असतें. पुढें ज्यांनीं परक्याच्या दुःखाची कड घ्यावयाची, त्यांस विद्यार्थिदशेंत परक्याच्या अपयशावर आशा ठेवावयास शिकविणें हें आम्हांस या पद्धतीचें सर्वांत जड मोल वाटतें.

हे आंकडे म्हणजे वस्तु नव्हे, चलन आहे, याची कबुली खुद्द विद्यालयांनींच दिली आहे. लॉस एंजलिस येथील लॉयोला कायदेविद्यालयानें २०१० साली मागील कांहीं वर्षांच्या श्रेणींतही ०.३३३ ची भर घातली. इतर विद्यालयांच्या सढळ श्रेणींपुढें आपले विद्यार्थी नोकरीच्या बाजारांत फिके पडूं नयेत, हा हेतु. एका रात्रींत त्या विद्यार्थ्यांच्या ज्ञानांत तिळमात्र भर पडली नव्हती. येल विद्यापीठानें अक्षरांच्या श्रेणी पूर्वींच सोडून सन्मान, उत्तीर्ण, निम्न उत्तीर्ण व अनुत्तीर्ण एवढेच भेद ठेवले. हार्वर्ड व स्टॅनफर्ड यांनींही २००८ साली तसाच निर्णय घेतला. ज्यांच्या नांवावरच पेढ्या विश्वास ठेवतात, त्यांस हें औदार्य सहज परवडतें. लहान विद्यालयाच्या हुशार पण निर्धन विद्यार्थ्यापाशीं आपला वरचा क्रम दाखविण्याखेरीज दुसरें साधन नसतें. यास्तव क्रम अजिबात नाहींसा करावा, असें म्हणण्यास आमचें मन घेत नाहीं.

आमचें म्हणणें इतकेंच कीं, क्रम सांगावयाचा तर तो क्रम म्हणूनच सांगावा. त्यास गुण हें नांव देऊं नये. जागा दहा आणि उमेदवार शंभर असतील तेथें निवड करावीच लागेल, पण मागें राहिलेल्या नव्वदांस तुम्हांस कांहीं येत नाहीं असें सांगण्याचा अधिकार त्या निवडीपासून मिळत नाहीं. आपल्या घरींही मुलगी निकाल घेऊन आली कीं, ‘किती गुण मिळाले?’ या प्रश्नाच्या पाठोपाठ ‘आणि पहिल्या आलेल्याला किती?’ हा प्रश्न आपल्या तोंडून निघून जातो. पहिल्या प्रश्नाचें उत्तर देतांना तिच्या चेहऱ्यावर असलेलें तेज दुसऱ्या प्रश्नानें कसें मावळतें, हें ज्यांनीं पाहिलें असेल त्यांस आमचें म्हणणें अधिक विस्तारानें सांगावयास नको. त्या दोन प्रश्नांच्या मध्यें आणखी एक प्रश्न विचारावयाचा राहून जातो: ‘यंदा तुला नवें काय समजलें?’ त्याचें उत्तर ऐकावयास निकालपत्र लागत नाहीं. तिच्यापाशीं घटकाभर बसावें मात्र लागतें.