झडतीचे नियम आणि जामिनाची वेळ

‘एनडीपीएस’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात निर्दोषत्वाच्या गृहीतकाला मोठीच कात्री लागली आहे. अमली पदार्थ ताब्यात असल्याचे सिद्ध झाले की गुन्हा घडल्याचे न्यायालयाला गृहीत धरता येते, आणि गुन्ह्याचा हेतू नव्हता हे दाखवण्याचा भार आरोपीवर पडतो. शिक्षा वजनावर ठरते. गांजा २० किलोच्या किंवा हेरॉइन २५० ग्रॅमच्या वर गेले, की ते ‘व्यापारी प्रमाण’ होऊन किमान १० वर्षांची सक्तमजुरी ठरलेली असते.

या कठोरपणाला तोल म्हणून संसदेने झडती आणि जप्तीचे नियम काटेकोर केले. अंगझडतीपूर्वी, राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकारी यांच्यासमोर झडती देण्याचा हक्क त्या व्यक्तीला सांगावा लागतो (कलम ५०), आणि त्याची ढोबळ पूर्तता चालणार नाही, असे २०१० मध्ये विजयसिंह चंदूभा जडेजा प्रकरणात घटनापीठाने बजावले. हे संरक्षण अंगापुरतेच, खांद्यावरच्या पिशवीला ते नाही, ही गोष्ट वेगळी. नियम असे काटेकोर असल्यामुळे खटल्यात उलटतपासणी चालते ती पाकिटावरचे लाखेचे सील शाबूत होते का, पंचांनी सही नेमकी कुठे केली, मुद्देमालाच्या नोंदीतले वजन रासायनिक विश्लेषकाच्या अहवालाशी जुळते का, यांवर. ‘तांत्रिक मुद्द्यावर सुटला’ अशी कुरकूर होते. पण जिथे ताबा म्हणजेच जवळपास गुन्हा, तिथे ताबा दाखवणारा पंचनामा हाच पुराव्याचा कणा असतो.

अडचण आहे ती वेळेची. कलम ३७ नुसार व्यापारी प्रमाणाच्या प्रकरणात सरकारी वकिलाने जामिनाला विरोध केला, तर आरोपी दोषी नसल्याचे मानण्यास वाजवी कारण आहे आणि तो जामिनावर असताना गुन्हा करणार नाही, अशी न्यायालयाची खात्री पटावी लागते, आणि तीही साक्षीपुरावा सुरू होण्यापूर्वी. अशा प्रकरणांत दोषारोपपत्रासाठी १८० दिवस मिळतात, मुदत वर्षापर्यंत वाढू शकते, आणि जप्तीतले दोष ‘खटल्यात पाहू’ म्हणून अनेकदा पुढे ढकलले जातात. कठोरपणा पहिल्या दिवसापासून लागू, संरक्षण मात्र निकालाच्या सुमारास. सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये मोहम्मद मुस्लिम प्रकरणात अवाजवी विलंबामुळे जामीन दिला खरा, पण तोवर आरोपीची सात वर्षे तुरुंगात गेली होती. विशेष न्यायालयांची तरतूद १९८९ च्या दुरुस्तीने आली ती मुळात जलद सुनावणीसाठी. कलम ५० ची सूचना आणि नमुने घेतल्याचे दंडाधिकाऱ्यांचे प्रमाणपत्र हे कागद दोषारोपपत्रासोबत आले असतील, तर ते जामिनाच्या वेळीच बारकाईने वाचण्यास या न्यायालयांना कलम ३७ ची आडकाठी नाही.